काजळी, पेनी आणि डॉर्कस आत्या

डॉर्कस आत्याचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड होता. तिचे कपडे शिवणारी मिसेस लीग्रिस प्रत्येक झग्याची उजवी बाही न विचारता सैल ठेवायची. आमच्या गावातल्या बायकांचे दंड चादरी पिळून आणि लोणी घुसळून जाड व्हायचे. आत्याचा झाला होता आकडेमोड करून. शेती संशोधन केंद्राच्या वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीखाली बसून ती हाताने फिरवायचं गणिती यंत्र चालवायची. दांडा पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी. खालच्या अंगणातून जाणाऱ्या मजुरांना वाटायचं, वर कुणीतरी दिवसभर खिमा काढतंय.

केंद्र आमच्या गावापासून सायकलने जाण्याइतकं जवळ होतं. इंग्लंडमधल्या सफोकच्या त्या भागात जमीन सपाट दिसते, पण सपाट नसते. एकाच शेतात एका टोकाला चिकणमाती आणि दुसऱ्या टोकाला वाळू. तिथे कुठलंही नवं खत किंवा बियाणं खरंच चांगलं आहे, की त्याला नुसती चांगली जागा मिळाली, हे कळणं अवघड. हे कसं ओळखायचं, एवढाच आत्याच्या खात्याचा धंदा होता.

ही गोष्ट दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची, माझ्या जन्माच्याही आधीची. मी ती आत्याकडून ऐकली आणि माझ्या वडिलांकडूनही. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता; फक्त हसायच्या जागा वेगळ्या होत्या.

माझे आजोबा अमोस थरलो चार एकरांवर बटाटे करायचे. दर हिवाळ्यात ते हातगाडी घेऊन गावभर फिरत आणि लोकांच्या धुराड्यांतली काजळी गोळा करत. ती काजळी छपराखाली वर्षभर जुनी होऊ द्यायची. ताजी काजळी जाळते, असं ते म्हणत. एप्रिलमध्ये बेण्याचे बटाटे डोळे बघून कापायचे, कापलेली बाजू काजळीत घोळवायची आणि मग लावायचे. त्यांच्या वडिलांनीही हेच केलं होतं. ईस्टरच्या रविवारी आजोबा चॅपेलमध्ये उभे राहत तेव्हा त्यांची प्रार्थनेची पोथी धरलेली नखं काळी असत, आणि याची त्यांना लाज नव्हती, उलट थोडा तोराच होता.

त्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. पुढच्या काही वर्षांत जमीन माझ्या वडिलांकडे, म्हणजे रूबेनकडे जाणार, हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. जमिनीबरोबर काजळीही जाणार का, हे मात्र ठरलेलं नव्हतं, आणि आजोबांना झोप येत नव्हती ती त्याच गोष्टीपायी.

"माझ्यामागे चालू ठेवशील की नाही, ते एकदा सांग," ते जेवताना म्हणाले.

"बाबा, आई गेली ती पडदे धूत धूत," रूबेन म्हणाला. "आणखी किती पिढ्यांनी काळं व्हायचं?"

"आईला मध्ये आणू नकोस. बटाटे बघ."

"बटाटे चांगलेच आहेत. आपल्या जमिनीत बूट पेरला तरी बुटांची जोडी उगवेल. त्यात काजळीनं काय केलं?"

"काय केलं म्हणजे? साठ वर्षं बघतोय मी."

"साठ वर्षं काजळी लावूनच बघताय. न लावता कधी बघितलंत?"

आजोबांनी थंड बेकनची बशी बाजूला सारली. रूबेनने विचारलेला प्रश्न बरोबर होता आणि त्याला स्वतःलाही तो विचारल्यावरच कळला होता, असं आत्या सांगायची. तिनेच मग तोंड उघडलं.

"केंद्रात विचारू का?"

"त्या सायकलवाल्यांना बटाट्यातलं काय कळतं?"

"काही नाही. पण आपल्याला कळत नाही, एवढं त्यांना पक्कं कळतं."

आत्याच्या खात्याचे प्रमुख डॉ. पेनफोल्ड. किडकिडीत माणूस, दुपारचा पाव पाऊसमापकाशेजारी उभं राहून खाणारा. त्यांनी आत्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एल्मच्या झाडांकडची एक पट्टी रिकामी आहे. अरुंद आहे, पण आठ जोड्या बसतील. काजळी त्यांचीच आणा. नाहीतर उद्या म्हणतील, आमची काजळी वेगळी होती."

त्या रविवारी आत्याने घरी टेबलावर मिठाचं भांडं आणि मोहरीची बाटली शेजारी शेजारी ठेवून आजोबांना प्रयोग समजावला.

"आधी असं धरायचं, की काजळी काहीच करत नाही."

आजोबांचा घास हातातच राहिला. "माझ्या टेबलावर बसून, माझा पाव खाऊन, असं धरायचं?"

"धरायचं फक्त, मानायचं नाही. धरून चालायचं आणि बघायचं, की असं धरून चालणं किती वेळ परवडतं."

"म्हणजे कसं?"

"आठ जोड्या. प्रत्येक जोडीत दोन वाफे, एक एल्मकडचा, एक मोकळ्या बाजूचा. त्यातल्या कुठल्या वाफ्याला काजळीचं बेणं, हे पेनी उडवून ठरवायचं. आता काजळी खरंच काही करत नसेल, तर जो वाफा जास्त देणार होता तो तसाही जास्तच देणार. काजळी त्याच्या वाट्याला आली ती नुसती पेनीची लहर. आठ वेळा उडवलेली पेनी दोनशे छप्पन्न तऱ्हांनी पडू शकते. मोठा फरक दिसला, तर मी मोजणार, की या दोनशे छप्पन्नांपैकी किती तऱ्हांत एवढा फरक नुसत्या नशिबानंही दिसला असता. विसात एकापेक्षा कमी निघालं, तर ‘काजळी काही करत नाही’ हे म्हणणं आम्ही सोडून देऊ."

"आणि जास्त निघालं तर?"

"तर सोडायला पुरेसं कारण मिळालं नाही. इतकंच."

"वीसच का?" रूबेनने विचारलं. "तीस का नाही?"

"कुठेतरी रेघ मारावीच लागते. ती बटाटे उपसायच्या आधी मारायची, हे महत्त्वाचं. नंतर मारली की आपल्या सोयीनं सरकते."

"वीस तर वीस," रूबेन म्हणाला. "विसाची रेघ ओलांडली, तर मी मरेपर्यंत काजळीत हात घालीन. चॅपेलच्या पायरीवर उभा राहून सांगतो."

आजोबांनी जाकिटाच्या खिशातून एक पेनी काढून टेबलावर ठेवली. जुन्या राणीच्या काळातली, इतकी झिजलेली की राणीचं नाक गालात गेलं होतं.

"ही ने," ते म्हणाले. "निदान ती तरी आपल्या खिशातली असू दे."

एप्रिलच्या एका सकाळी आत्या एकटीच त्या पट्टीवर गेली. वारा होता, आणि वर कुठेतरी चंडोल दिसत नव्हता पण ऐकू येत होता. तिच्या पिशवीत सोळा खुंट्या होत्या. आठ पांढऱ्या टोकाच्या, आठ काळ्या. राणी पडली तर काळी खुंटी एल्मकडे, दुसरी बाजू पडली तर मोकळ्या बाजूला. ती उडवत गेली आणि खुंट्या ठोकत गेली. राणी. राणी. राणी. मग एकदा उलटं. मग पुन्हा राणी, राणी, राणी, राणी.

शेवटची खुंटी ठोकून तिने मागे वळून बघितलं. काळ्या सगळ्या एल्मच्या रांगेत, एक सोडून. ज्याने कधी एल्मखाली काही लावलं असेल त्याला माहीत असतं, की त्या झाडाची मुळं पाणी किती लांबून ओढतात आणि दुपारनंतर त्याची सावली कुठवर येते. आत्या तिथेच उभी राहिली. तिने खात्यात सहा वर्षं काढली होती. चिठ्ठी पडेल ती पडेल, हा तिथला पहिला धडा. पण समोर दिसत होतं ते तिला सरळ सरळ अन्यायासारखं दिसलं. चॅपेलच्या चहापानाला एकाच ताटात पावाचे सगळे कडक कडेचे तुकडे आले, तर वाढणारी बाई त्यांतले दोन उचलून दुसऱ्या ताटात ठेवते, तेवढंच. तिने तीन जोड्यांतल्या खुंट्या उपटून अदलाबदल केली. आता काळ्या चार इकडे, चार तिकडे. कुणाचंही नुकसान न करता नीटनेटकं झालं, असं वाटून ती सायकलवर बसली आणि त्या गोष्टीचा तिला विसर पडला. खरंच विसर पडला, यावर ती आयुष्यभर ठाम होती. आणि मला ते खरं वाटतं, कारण चांगुलपणाने केलेली गोष्ट माणूस मनात टोचणी म्हणून ठेवत नाही.

सप्टेंबरात बटाटे निघाले. वजनं करताना आजोबा फाटकाला रेलून उभे होते. त्यांना आत यायची परवानगी नव्हती, पण काटा दिसत होता. आठपैकी सात जोड्यांत काजळीचा वाफा जड भरला. एकात जेमतेम, मूठभर बटाट्यांनी, बाकीच्यांत चांगलाच. हरली ती एकच जोडी, तीही थोडक्यात.

संध्याकाळी आजोबांनी ‘प्लाउ’मध्ये सगळ्यांना बिअर पाजली. "सरकारी काट्यावर," ते सांगत होते, "सरकारी काट्यावर जिंकली काजळी!" रूबेनने कोपऱ्यात बसून आपला पेला संपवला आणि म्हणाला, "ठीक आहे. मी शब्द दिलाय." त्याने आपल्या तळहातांकडे इतक्या उदासपणे बघितलं, की सगळा पब हसला.

आकडे तपासायचं काम आत्याचं होतं. ती सगळ्यात आधी दुसऱ्यांचे संपवायची आणि घरचं शेवटी घ्यायची. गुरुवारी दुपारी तिने दांडा हातात घेतला. एवढा मोठा फरक, इकडे किंवा तिकडे, नुसत्या पेनीच्या लहरीने दिसेल अशा तऱ्हा किती? सहा. दोनशे छप्पन्नांत सहा. चाळिसात एक म्हणा. विसाची रेघ आरामात ओलांडली होती.

तिने कागदावर सहा लिहिले, खाली आडवी रेघ ओढली, रेघेखाली दोनशे छप्पन्न लिहिले आणि सवयीने ते पडताळायला घेतले. दोन, चार, आठ, सोळा. पेनी एकदा उडवली की दोन शक्यता, दुसऱ्यांदा चार. दर वेळेला दुप्पट. आठ वेळा उडवली की दोनशे छप्पन्न.

आठ वेळा उडवली होती का?

तिला एल्मखालच्या ओल्या मातीतून खुंटी उपटतानाचा आवाज आठवला.

पेनी आठ वेळाच उडवली होती. पण तीन जोड्यांत पेनीचं ऐकलं नव्हतं. त्या तीन ठिकाणी काळी खुंटी होती ती डॉर्कस थरलोने ठोकलेली, आणि डॉर्कस थरलो काही पेनी नव्हती. तिला माती कळत होती. सातांतल्या नेमक्या त्याच तीन जोड्या तिने का उचलल्या? मोकळ्या बाजूची माती जिथे अधिक काळी दिसली, तिथे तर नाही? तिला आठवेना. आठवलं असतं तरी त्याचा भरवसा काय?

दांडा थांबल्याचं खालच्या अंगणात कळलं असावं. कुणीतरी ओरडलं, "खिमा संपला काय हो?"

ती डॉ. पेनफोल्डांच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "कुठल्या तीन?"

"दुसरी, पाचवी आणि सातवी."

"ती तीन काढून टाका. उरलेल्या पाचांचं काय दिसतं?"

हे तिने येतानाच जिन्यात मनाशी केलं होतं. "हरलेली जोडी आणि मूठभर बटाट्यांनी जिंकलेली, दोन्ही उरलेल्यांतच आहेत. वरचे सहा तेच राहतात, सर. खालचे दोनशे छप्पन्न जातात आणि बत्तीस येतात. पाचात एक."

"म्हणजे काही म्हणता येत नाही."

"नाही."

"मिस थरलो, तुम्ही केलंत ते कदाचित बरोबरही असेल. एल्म वाईटच आहे. ती पट्टी मीच द्यायला नको होती. जमीन वाईट असण्यानं आपलं काही बिघडत नाही. ती कुणाच्या वाट्याला यावी, हे आपण ठरवलं की बिघडतं. पेनीला आपण कशाला नेमलंय? तिला वडील नसतात म्हणून."

आत्याचे कान तापले.

"पुढच्या वर्षी वरचं शेत घेऊ," ते म्हणाले. "पेनी तीच चालेल."

पण आधी घरी सांगायचं होतं. गावात बातमी फुटून पाच दिवस झाले होते, बिअर पिऊन झाली होती, रूबेनने शब्द दिला होता. ती गप्प राहिली असती तर घरात सुख होतं. डॉ. पेनफोल्डांनी अहवालात काही लिहिलं नसतं, तर गावाला कोण विचारायला जाणार होतं? हे तिच्या मनात आलं, हेही ती मला मोकळेपणी सांगायची. मग म्हणायची, "पण रूबेनचा शब्द विसाच्या रेघेवर दिलेला होता ना."

तिने सांगितलं तेव्हा आजोबा बूट काढत होते. एक काढलेला, एक पायात.

"म्हणजे तू माझ्यासाठी खुंट्या हलवल्यास."

"हो."

"आणि आता माझ्याविरुद्ध सांगतेस."

"तुमच्याविरुद्ध नाही, बाबा. माझ्याविरुद्ध."

"प्लाउमध्ये जाऊन सांग ते. तिथे मला तोंड दाखवायचंय, तुला नाही."

रूबेन काहीतरी बोलणार होता. आजोबांनी हातातला बूट नुसता उचलला. त्या हिवाळ्यात आजोबा आत्याशी बोलायचे ते हवामानाबद्दल आणि कोळशाबद्दल. काजळी मात्र त्यांनी नेहमीसारखी गोळा केली. लोकांच्या दारात हातगाडी उभी राहिली की आतून कुणी ना कुणी विचारायचं, "काय अमोस, सरकारी काट्याचं काय झालं?" ते म्हणायचे, "काटा ठीक होता. पोरगी माझ्यावर गेली, तिला राहवलं नाही." हे आत्याला कळलं ते खूप उशिरा, मिसेस लीग्रिसकडून, बाहीचं माप देताना.

पुढच्या एप्रिलमध्ये वरच्या शेतात पेनी कोणी उडवायची, असा प्रश्न आला. आत्या म्हणाली, मी नाही. डॉ. पेनफोल्ड म्हणाले, "तुमच्या वडिलांनाच बोलवा. उडवणारा कोण याला महत्त्व नाही. नंतर हात कोण लावतो, याला आहे."

आजोबा चॅपेलचा कोट घालून आले. वरच्या शेतात झाड नव्हतं, पण डाव्या अंगाला पावसाळी पाणी साचून माती आंबट झालेली. आजोबांना ते बघताक्षणी कळलं. बुटाच्या टाचेने त्यांनी तिथली ढेकूळ फोडून पाहिली आणि हुंकार दिला. मग पेनी अंगठ्यावर ठेवली.

राणी, म्हणजे काजळी डावीकडे. पुन्हा राणी. पुन्हा. चौथ्यांदाही.

आजोबा थांबले. त्यांनी डॉ. पेनफोल्डांकडे नाही, आत्याकडे बघितलं. आत्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते, जसे पोरं काचसामानाच्या दुकानात बांधतात. त्या हिवाळ्यानंतर दोघांत पहिल्यांदा नजरानजर झाली ती इथे.

"काय गं," ते हळूच म्हणाले, "राणीला आपला राग आलाय काय?"

"तिला आपण माहीत नाही, बाबा. राहू दे पडलंय तसं."

"तुला बघवतं का?"

"नाही."

"मलाही नाही." त्यांनी पेनी पुन्हा अंगठ्यावर ठेवली. "मग दोघं मिळून न बघता उभे राहू." आणि खरंच, उरलेल्या चार वेळा पेनी पडली की ते आधी आभाळाकडे बघत आणि डॉ. पेनफोल्डांना विचारत, "कुठं?"

शरदात वजनं झाली. या वेळी आजोबा फाटकाशी आले नाहीत. सहा जोड्यांत काजळी जड, दोनांत हलकी. आत्याने दांडा फिरवला. सातात एक. तिने दोनदा केलं आणि दोन्ही वेळा तेच आलं.

घरी चहाच्या वेळी तिने ते सांगितलं. रूबेनने आधी कप खाली ठेवला.

"म्हणजे संपलं. काजळीचा उपयोग नाही, हे सिद्ध झालं."

"तसं सिद्ध झालं नाही."

"विसाची रेघ ओलांडली नाही ना?"

"नाही ओलांडली. म्हणून काजळी काही करते, असं आम्ही म्हणणार नाही. पण करत नाही, असंही कुणी दाखवलेलं नाही. आठ जोड्यांत एवढंच दिसतं. काजळी थोडंसं काही करत असेल, तर ते दिसायला आठ जोड्या पुरत नाहीत."

आजोबा चहात साखर ढवळत होते. "म्हणजे मी खोटा नाही."

"नाही, बाबा."

"आणि खराही नाही."

"ते माहीत नाही."

मग त्यांनी चमचा बशीत ठेवला. "साठ वर्षं काळे हात केले," ते शेवटी म्हणाले, "आणि तुझ्या त्या यंत्रानं दिलं काय, तर ‘माहीत नाही’." त्यांनी घोट घेतला. "असो. चॅपेलमध्येही याहून जास्त मिळालेलं नाही."

रूबेन हसला नाही. त्याला हवा होता तो निकाल त्याच्या हातात आला होता, शब्दातून तो मोकळा झाला होता, आणि तरी त्याचं काहीतरी अडलं होतं. "मग मी काय करायचं?" त्याने विचारलं, पण कुणाला ते कळेना.

"शेत तुझं," आजोबा म्हणाले. त्यांनी पेनी टेबलावरून त्याच्याकडे सरकवली. "लाव म्हणत नाही. लावू नको असंही हिनं म्हटलेलं नाही. दोन दोन ओळींच्या जोड्या कर आणि उडव. पोरगी म्हणते, आठ पुरत नाहीत. आपल्याकडे भरपूर ओळी आहेत."

रूबेनने पेनी उचलली आणि न बघताच खिशात टाकली. आत्या उठून भांडी आवरायला गेली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, असं माझे वडील सांगायचे. तीन कपांना इतकं पाणी लागत नाही.

पुढे लढाई आली, केंद्रात नवी यंत्रं आली, दांडा फिरवायचं काम संपलं, आणि आत्या खात्यात नव्या मुलींना शिकवू लागली. तिने लग्न केलं नाही. दोन माणसांनी विचारलं होतं, असं मिसेस लीग्रिस म्हणे. आत्या म्हणे, एकानेच, आणि दुसऱ्याचा पुरावा पुरेसा नाही. घरी ती दर रविवारी यायची आणि बटाट्यांच्या ओळींबद्दल चुकूनही विचारायची नाही. माझे वडील कुठल्या ओळी जड भरल्या ते छपराच्या दारावर खडूने लिहायचे, आणि दर दोन वर्षांनी दाराला रंग देऊन ते झाकून टाकायचे. हे तिला ठाऊक होतं. कुणी त्यावरून तिला छेडलं तर ती म्हणायची, "रूबेनला दार आवडतं, दाराला रंग लागतो, माझा काय संबंध?"

मला लहानपणी वाटायचं, बटाटे असेच लावतात. सगळीकडे, सगळ्या देशांत, आधी पेनी उडवून.

पण रूबेनने घरच्या शेतात पेनी उडवली, त्या पहिल्या एप्रिल महिन्याचं सांगायचं राहिलं. आजोबांनी लाकडी खुर्ची शेताच्या कडेला मांडून घेतली होती, गुडघ्यांवर गोधडी. आत्या खुर्चीशेजारी उभी. रूबेन ओळीओळीने पेनी उडवत, खुंट्या ठोकत पुढे चालला होता. चराकडची बाजू आमच्या शेतात सगळ्यात हलकी, तिथे मोठे दगड वर येतात. पेनी काजळीला तिकडेच पाठवत होती. एकदा, दोनदा, तीनदा, मग पुन्हा.

रूबेन थांबला. त्याने वळून वडिलांकडे पाहिलं, त्या खुर्चीकडे, गोधडीवर ठेवलेल्या त्या काळ्या नखांकडे. मग वाकला आणि काळ्या खुंटीला हात घातला.

"ए!" आजोबा खुर्चीतून अर्धे उठले. "हात काढ! पडलंय तसं राहू दे."

"अहो, पण तिकडे नुसते दगड आहेत, बाबा. तुमच्याच काजळीचं—"

"माहितेय मला दगड आहेत. साठ वर्षं वेचतोय. राहू दे म्हटलं ना."

रूबेनने हात काढला. आत्याने खाली वाकून आजोबांची घसरलेली गोधडी पुन्हा गुडघ्यांवर घातली, आणि तिचे हात तिथेच, गोधडीवर राहिले. चराकडच्या दगडांतून पेनी शोधून रूबेनने ती विजारीला पुसली आणि पुढच्या ओळीवर गेला.